फौजीच्या बायकोनं राहायचं कुठं?

नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत लष्कराची छावणी नाही. मुदखेडला सीआरपीएफचं प्रशिक्षण केंद्र आहे, चाकूरला बीएसएफचं आहे. छावणी मात्र छत्रपती संभाजीनगरला, अहिल्यानगरला नाहीतर थेट सिकंदराबादला. तरी कंधार, मुखेड, उदगीर, निलंगा अशा कुठल्याही तालुक्यात एसटीनं फिरलं की मधूनच एखाद्या घराच्या भिंतीवर ‘जय हिंद’ रंगवलेलं दिसतं. त्या घरातला मुलगा फौजेत असतो आणि बहुधा ते घरही त्याच्याच पगारातून उभं राहिलेलं असतं.

फौजीच्या बायकोच्या घराच्या प्रश्नात हा भूगोल फार महत्त्वाचा आहे. फौजीच्या बायकोचा संसार मोडला की पहिला प्रश्न क्वार्टरचा येतो, असं शहरी वकील धरून चालतात. आपल्याकडे तसं क्वचितच होतं. इथली सून नवऱ्याबरोबर जबलपूरला नाहीतर जोधपूरला दोन-तीन वर्षं काढते. मग नवऱ्याची फिल्ड पोस्टिंग येते, आणि ती मुलं घेऊन सासरी गावात परतते. पुढची कित्येक वर्षं नवरा सुट्टीला येतो तेवढाच. भांडण विकोपाला जातं तेव्हा ती सासऱ्याच्या नावावरच्या तीन खोल्यांत राहत असते. एक दिवस त्या खोल्यांना कुलूप लागतं आणि ती नांदेडच्या सिडकोत भावाच्या दोन खोल्यांत येऊन पडते. वहिनी पहिला महिना काही बोलत नाही. दुसऱ्या महिन्यात गॅस सिलिंडर लवकर संपल्याचा विषय निघतो.

आधी क्वार्टरचं थोडक्यात सांगून टाकतो. फॅमिली क्वार्टर सरकारचं असतं आणि ते जवानाच्या नावावर, त्याच्या त्या ठाण्यावरच्या पोस्टिंगपुरतं मिळतं. नवरा सीमेवर असताना कुटुंबासाठी काही ठाण्यांवर वेगळी क्वार्टर्स असतात, पण तीही त्याच्याच अर्जावर मिळतात. त्याची बदली झाली, मुदत संपली की घर सोडावं लागतं. नाही सोडलं तर बाजारभावानं दंडभाडं लागतं आणि १९७१च्या सार्वजनिक जागांच्या कायद्याखाली बाहेर काढण्याची कारवाई होते. ब्रिटनमध्ये सैनिकाचा संसार मोडला की जोडीदाराला लष्करी घर सोडायला ९३ दिवसांची नोटीस मिळते आणि त्या काळात पुढची सोय पाहता येते. आपल्याकडे क्वार्टरचा सगळा हिशेब जवानाच्या पोस्टिंगवर चालतो. म्हणून क्वार्टर धरून बसण्यात शक्ती घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथून निघताना कागद मात्र घ्यावेत. नवऱ्याचा आर्मी नंबर, रँक, युनिटचं नाव, रेकॉर्ड ऑफिस कुठलं, क्वार्टर वाटपाच्या पत्राची प्रत, डिपेंडंट कार्ड, मुलांचे शाळेचे दाखले आणि हाताला लागली तर एखादी पगाराची स्लिप. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. आर्मी नंबर हाताशी नसेल तर यांपैकी कुठंही लिहिलेलं पत्र नुसतंच फिरत राहतं.

आता गावातल्या त्या तीन खोल्या. घर सासऱ्याच्या नावावर आहे, सुनेचा काय संबंध, हे वाक्य मराठवाड्यातल्या प्रत्येक बैठकीत ऐकू येतं. पंच मंडळी मान डोलावतात आणि विषय संपतो. एके काळी कायद्याचाही कल साधारण तसाच होता. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५चा. तो २६ ऑक्टोबर २००६ला लागू झाला. त्याच्या कलम १७नं बायकोला ‘सामायिक घरात’ राहण्याचा हक्क दिला, तिचं नाव त्या घराच्या कागदावर असो वा नसो. पण अवघ्या दोन महिन्यांत, डिसेंबर २००६मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं बत्रा खटल्यात या हक्काचा अर्थ आखडून टाकला. दिल्लीतलं ते घर सासूच्या मालकीचं होतं. घर नवऱ्याचं, त्यानं भाड्यानं घेतलेलं किंवा त्याचा वाटा असलेल्या एकत्र कुटुंबाचं असेल तरच ते सामायिक, असं तेव्हा ठरलं. पुढची चौदा वर्षं देशभरच्या सासऱ्यांनी याचा आधार घेतला.

१५ ऑक्टोबर २०२०ला सतीशचंद्र आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो अर्थ चुकीचा ठरवला. घर सासऱ्याच्या नावावर असलं, तरी सून तिथं संसार करून राहिलेली असेल तर ते तिच्यासाठी सामायिक घर ठरू शकतं. मे २०२२च्या प्रभा त्यागी निकालानं आणखी एक पाऊल टाकलं. त्या घरात प्रत्यक्ष राहिलेली नसलेली स्त्रीसुद्धा हा हक्क मागू शकते. सासू-सासरे ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्याकडे जाऊन सुनेला बाहेर काढू पाहतात, त्या वाटेलाही डिसेंबर २०२०च्या एस. वनिता निकालानं लगाम घातला.

म्हणून काय, सून उद्या सामान घेऊन परत गेली आणि सगळं सुरळीत झालं? तसं होत नाही. हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही. म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांच्या शांततेचाही विचार न्यायालयानं करावा, असं आहुजा निकालातच म्हटलं आहे. सासूला किंवा नणंदेला घराबाहेर काढण्याचा आदेश तर या कायद्यात देताच येत नाही, कारण स्त्रीविरुद्ध तसा आदेश द्यायला बंदी आहे. आणि ज्या घरात रोज टोमणे खावे लागणार, रात्री दाराला आतून कडी लावून झोपावं लागणार, तिथं परतण्याची इच्छा किती जणींना असते? मला विचाराल तर या हक्काचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. त्याच कायद्याचं कलम १९ दंडाधिकाऱ्याला एक पर्याय देतं. नवऱ्यानं तिला त्याच दर्जाचं दुसरं घर घेऊन द्यावं, नाहीतर घराचं भाडं भरावं, असा आदेश देता येतो. गावातल्या तीन खोल्यांवरचा हक्क शाबूत ठेवायचा आणि त्याच्या बदल्यात नांदेडात किंवा लातुरात भाड्याच्या दोन खोल्या मागायच्या, हा व्यवहाराचा रस्ता आहे.

त्यासाठी एक साधा कागद फार कामाला येतो, तो म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ. या आकारणीच्या नोंदवहीत मालकाच्या नावाचा रकाना असतो आणि त्याच्या शेजारी भोगवटा करणाऱ्याच्या नावाचा. मालक सासरा असेल, पण प्रत्यक्ष राहणारं कोण हे दुसऱ्या रकान्यातून दिसतं. तिथं मुलाचं नाव असेल तर फारच उत्तम. २००३मध्ये राज्य सरकारनं गावठाणातली घरं नवरा-बायको दोघांच्या नावे लावण्याचा निर्णयही केला होता. अंमलबजावणी गावागणिक वेगळी झाली, पण काही ग्रामसेवकांनी खरंच नावं लावली. आपल्या घराचा उतारा एकदा काढून पाहावा. वीजबिल, रेशनकार्ड, मुलांच्या शाळेतला पत्ता, मतदार यादी हे सगळे कागद ‘ती इथं नांदत होती’ एवढं एकच वाक्य सिद्ध करतात, आणि पुष्कळदा तेवढंच लागतं.

घराचा प्रश्न शेवटी पैशावर येऊन थांबतो, आणि इथं फौजीच्या बायकोची बाजू शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या बायकोपेक्षा भक्कम असते. तिच्या नवऱ्याचा पगार कागदावर आहे, ठरलेला आहे आणि दर महिन्याला येतो. तो लपवता येत नाही. बऱ्याच जणींना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की त्या पगारात घरासाठी वेगळी रक्कम असू शकते. जवानाला फॅमिली क्वार्टर मिळालं नसेल तर त्याला घरभाडे भत्ता मिळतो, आणि तो फिल्डमध्ये असेल तर कुटुंब राहण्यासाठी निवडलेल्या गावाच्या दरानं मिळू शकतो. सातव्या वेतन आयोगात शहरांचे तीन वर्ग आहेत. नांदेड-वाघाळा ‘वाय’ वर्गात येतं, तर लातूर ‘झेड’ वर्गात. खेडीही ‘झेड’मध्येच. जानेवारी २०२४मध्ये महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोचला, तेव्हापासून ‘वाय’ला मूळ वेतनाच्या २० टक्के आणि ‘झेड’ला १० टक्के असा दर आहे. हवालदाराचं सुरुवातीचं मूळ वेतन २९,२०० रुपये धरलं तर नुसत्या त्याच आकड्यावर नांदेडसाठी ५,८४० रुपये होतात आणि लातूरसाठी २,९२०. तेव्हा नवऱ्यानं कुटुंबाचं ठिकाण म्हणून काय लिहिलं आहे, भत्ता उचलला आहे का, हे न्यायालयातून विचारून घ्यावं. कुटुंबाच्या छपरासाठी सरकार पैसे देत असताना कुटुंब भावाच्या व्हरांड्यात झोपत असेल, तर दंडाधिकाऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

हे पैसे हातात पाडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला लष्कराच्या आतला. १९५०च्या सैन्य कायद्यात, अधिकाऱ्यांसाठी कलम ९० आणि बाकीच्यांसाठी कलम ९१ अन्वये, बायको-मुलांच्या निर्वाहासाठी पगारातून कपात करता येते. २००१च्या लष्करी आदेशानुसार पत्नीसाठी पगार व भत्त्यांच्या २२ टक्क्यांपर्यंत आणि मुलं धरून जास्तीत जास्त ३३ टक्क्यांपर्यंत ही कपात होऊ शकते. अर्ज कमांडिंग ऑफिसरला जातो. युनिट कुठंही असो, पत्ता बहुधा ‘द्वारा ५६ एपीओ’ नाहीतर ‘९९ एपीओ’ असा असतो, आणि पोस्टाला तेवढा पुरतो. स्पीड पोस्टानं पाठवावा, पोच जपून ठेवावी. या अर्जात काय लिहावं याबद्दल माझं एक हट्टाचं सांगणं आहे. सासूनं काय म्हटलं, नणंदेनं काय केलं, याची चार पानं लिहू नयेत. नवऱ्याचा आर्मी नंबर, लग्नाची तारीख, युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये बायको म्हणून नोंद झाल्याचा उल्लेख, मुलांची नावं आणि वयं, कोणत्या महिन्यापासून पैसे आले नाहीत, सध्या कुठं राहता, भाडं किती, बँकेचा खातेक्रमांक. एक पान पुरे. कमांडिंग ऑफिसर त्या जवानाला बोलावून जबाब घेतो आणि प्रकरण वर पाठवतो. त्यात महिने जातात. पण घटस्फोट झालेला नसताना, न्यायालयाची पायरी न चढता चालू होणारा हा एकच प्रवाह आहे.

दुसरा मार्ग न्यायालयाचा. फौजीचा पगार दिवाणी न्यायालयाला जप्त करता येत नाही, हे सैन्य कायद्याच्या कलम २८मध्ये आहे आणि गावातले माजी सैनिक ते छातीठोकपणे सांगतात. अर्धीच गोष्ट सांगतात ते. पोटगीच्या आदेशाची अंमलबजावणी कपातीच्या वाटेनं होते. शिवाय २००५च्या कायद्याच्या कलम २०मध्ये पगाराचा काही भाग थेट पत्नीला द्यावा, असं मालकाला सांगण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला दिलेला आहे. मुदखेडच्या किंवा चाकूरच्या केंद्रातला जवान असेल तर त्याला सैन्य कायदा लागूच नाही, त्याचा कायदा वेगळा. तिथं अर्ज कमांडंटकडे करावा. नवरा मुद्दाम घरकर्ज काढून, स्लिपवर कपात दाखवून हात वर करतो, हाही नेहमीचा डाव. स्वेच्छेनं घेतलेल्या कर्जाचा हप्ता पुढं करून पोटगी टाळता येत नाही, असं न्यायालयं वारंवार सांगत आली आहेत. रजनीश विरुद्ध नेहा या नोव्हेंबर २०२०च्या निकालापासून दोन्ही बाजूंना मिळकत-खर्चाचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते.

नवरा कुपवाड्यात नाहीतर तेजपूरला, मग खटला कुठं? ती राहते तिथं. २००५च्या कायद्याचं कलम २७ तात्पुरत्या राहण्यालाही मान्यता देतं, म्हणजे भावाचं सिडकोतलं घर पुरतं. हिंदू विवाह कायद्यातही २००३च्या दुरुस्तीनं बायकोला स्वतःच्या राहत्या ठिकाणी अर्ज करता येतो, आणि हा कायदा बौद्ध, जैन, शिखांनाही लागू आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तर सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. एक अडसर मात्र खरा आहे. भारतीय सैनिक (खटले) कायदा, १९२५ नावाचा ब्रिटिशकालीन कायदा अजून जिवंत आहे. जवान खास परिस्थितीत, म्हणजे सीमेवर वगैरे, सेवेत असल्याचं प्रमाणपत्र आलं की दिवाणी दावा पुढं ढकलला जातो. सैनिकाच्या पाठीमागं त्याचं शेत कुणी लाटू नये यासाठी ही सोय आहे आणि ती योग्यही आहे. पण तिचा फटका बायकोला बसू नये म्हणून दंडाधिकाऱ्याकडे जाताना पहिल्याच दिवशी अंतरिम आदेश मागावा. कलम २३खाली तो मिळतो, गरज पडल्यास समोरच्याच्या गैरहजेरीतही.

आदेश येईपर्यंतच्या रात्रींचं काय? १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केला की जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरची माहिती मिळते. तिथं साधारण पाच दिवस राहता येतं, पोलीस, वकील आणि समुपदेशक एका छताखाली भेटतात. पुढं लांबचा मुक्काम लागला तर शक्ती सदन हे निवारागृह. नोकरी करणारीसाठी सखी निवास नावाची वसतिगृहं आहेत, भाडं पगाराच्या टक्केवारीत आणि माफक. नांदेडात रात्रीच्या वेळी उतरलेल्या, जवळ पैसे नसलेल्या बाईला सचखंड हजूर साहिबच्या लंगरमध्ये जेवायला मिळतं. तिथं कुणी जात, गाव, नवऱ्याचं नाव विचारत नाही.

भाड्याची खोली शोधताना दोन्ही शहरं वेगळी वागतात. लातुरात शिकवण्यांच्या ‘लातूर पॅटर्न’नं घरभाड्याचं सगळं गणित बदलून टाकलं आहे. ट्यूशन एरियात, सिग्नल कॅम्पकडे खोल्या शिकायला आलेल्या पोरांना कॉटच्या हिशेबानं दिल्या जातात. तिथं कुटुंबाला परवडत नाही आणि घरमालकालाही ते नको असतं. त्यापेक्षा औसा रोड, अंबाजोगाई रोडच्या आतल्या वस्त्यांत बघावं. पण याच पोरांमुळे मेस चालवून घरभाडं काढणाऱ्या बायकाही लातुरात भेटतात. खोली पाहताना भाड्याआधी पाणी विचारावं. २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर आहे. उन्हाळ्यात टँकरचे पैसे कोण देणार हे आधी न ठरवणारी बाई मे महिन्यात घर बदलते. नांदेडात सिडको-हडको, तरोडा भागात लहान घरं मिळतात, आणि घरमालक एकट्या बाईला पाहून ‘मिस्टर काय करतात?’ हा प्रश्न हमखास विचारतो. ‘आर्मीत आहेत’ हे उत्तर खरं असेपर्यंत द्यावं, त्यात कमीपणा नाही. करार मात्र लेखी आणि नोंदलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. हाच करार पुढं न्यायालयात भाड्याचा पुरावा होतो, गॅसच्या जोडणीला लागतो आणि स्वतंत्र रेशनकार्डालाही.

स्वतंत्र रेशनकार्ड ही गोष्ट किरकोळ वाटते. ती मिळवण्यासाठी याच राज्यात टाकलेल्या बायकांनी मोर्चे काढले आहेत. १९८८मध्ये संगमनेरला समता आंदोलनानं परित्यक्तांची परिषद भरवली, निशा शिवूरकर त्यात पुढं होत्या. नवऱ्याच्या नावाशिवाय कार्ड मिळावं ही त्या काळातली मागणी होती. मराठवाड्यात आज एकल महिला संघटना हेच काम गावोगाव करते. कार्डाचा आणि घराचा संबंध असा: प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात, पण कुटुंबात कुणी सरकारी नोकर असेल तर नाव यादीतून बाद होतं. नवऱ्याचं नाव कार्डावर आहे तोवर ती फौजीचं कुटुंब, म्हणून अपात्र. आणि फौजीचे पैसे तर येत नाहीत. कार्ड वेगळं झालं की ती स्वतः कुटुंबप्रमुख होते. विभक्त स्त्रीच्या एकटीच्या नावे घरकुल देण्याची तरतूद योजनेतच आहे.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. त्यांच्या बहुतेक योजना माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांसाठी आहेत. वीरपत्नीचा सत्कार होतो, टाकलेल्या बायकोसाठी रकाना नसतो. तरी युनिटचा पत्ता काढणं, पत्राला वाट करून देणं एवढी मदत तिथं मागता येते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं २०२५मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली, तिची मदतकेंद्रं सैनिक मंडळांच्या कार्यालयांतून चालवायची आहेत. तिथं आधी जवानाची बाजू मांडली जाईल की बायकोची, हे पाहायचं आहे.

शेवटचा मुद्दा घाईचा. थकून गेलेली बाई परस्पर संमतीच्या घटस्फोटाला तयार होते आणि ‘नांदेडचा प्लॉट तुला देतो’ या तोंडी शब्दावर सही करते. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की त्याच दिवसापासून ती फौजीची पत्नी राहत नाही. लष्करी दवाखाना, कॅन्टीन, पुढं कुटुंब निवृत्तिवेतन, सगळ्यांतून तिचं नाव जातं. न्यायिक विभक्ततेत मात्र ती पत्नीच राहते, म्हणून वयानं पन्नाशीकडे झुकलेल्या बाईनं तो पर्याय वकिलाला नक्की विचारावा. प्लॉटचंही तसंच. नवऱ्यानं बायकोला राहतं घर बक्षीसपत्रानं दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र लागतं. हुकूमनाम्यानंतर ती कायद्यानं परकी, मग बाजारमूल्यावर पूर्ण शुल्क. राहत्या घराची खरेदीच करायची झाली तर एकट्या स्त्रीच्या नावावर २०२१पासून एक टक्क्याची सवलत आहे, एवढंच.

तेव्हा संमतीच्या अर्जावर सही करण्यापूर्वी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बक्षीसपत्राची नोंदणी होऊ द्या, प्लॉटच्या उताऱ्यावर आपलं नाव लागलेलं पाहा आणि मगच कौटुंबिक न्यायालयात जा. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रीला तिथं तिचं उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो.